पावणेदोन मण

घाटकोपर,
रविवार, ८ जुलै १९५६

चि. वनमाला हिस,

वर आशीर्वाद लिहावा की नाही, या विचारात एक कागद वाया गेला. हा दुसरा. आशीर्वाद आहेच, तू घे किंवा घेऊ नकोस.

मावशीबरोबर भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसलीस त्याला दोन वर्षं नऊ महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. मावशीची पत्रं येतात ती मीच आईला वाचून दाखवतो. तुझ्या बातमीपाशी आलो की घसा खाकरतो आणि पुढे जातो.

आज लिहितो ते आईसाठी. वैशाखात बंगल्यावर भांडी घासताना तिच्या उजव्या पायावर परात पडली. अंगठ्याला जखम झाली. आधी हळद भरली, मग चुना लावला. दोन महिने होत आले तरी भरत नाही, उलट काळी पडत चालली आहे. शेवटी शेजारच्या रत्नप्रभाबाई (त्या आता शाळेत हेडबाई झाल्या) आम्हाला ओढून दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. म्हणाल्या, साखर आहे. मधुमेह.

मी म्हणालो, "बाई, हा तर शेटलोकांचा रोग. चाळीतल्या माणसांना कुठला?"

"असं सगळेच म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि लिहीत राहिल्या.

आई काळजीत आहे असं दाखवत नाही. प्रेमा आठ वर्षांची झाली, तिसरीत आहे. तुझी आठवण काढते, पण तुझा चेहरा तिला नीट आठवत नसावा. तू एकदा येऊन गेलीस तर आईला बरं वाटेल. पावसाळ्यात बोट बंद, हे मला कळतं. निदान पत्र पाठव.

मागचं मनात ठेवू नये. रागाच्या भरात बापाच्या हातून एखादी गोष्ट होते. त्यात वाईट हेतू नव्हता.

तुझे बाबा


घाटकोपर,
रविवार, २९ जुलै १९५६

चि. वनू,

तुझं पत्र नाही. सुलक्षणा मावशीचं मात्र आलं. तिनं लिहिलंय की माझं पत्र तुला दिलं, तू ते वाचलंस, घडी करून पुस्तकात ठेवलंस आणि विहिरीवर गेलीस.

तिच्याच पत्रातली एक ओळ मी आईला वाचून दाखवली नाही. ती इथे उतरवतो. "वनू इथे आल्यापासून तुमच्या घरी खायची त्याच्या दीडपट खाते. नाचणीची भाकरी, कुळीथ, बांगडा मिळाला तर तो. दोन मैल चालत शाळेला जाते, दोन मैल येते, पाणी काढते, गोठा झाडते. अंगानं अशी सडसडीत झाली आहे की तुम्ही ओळखणार नाही. भावोजी, मग तिकडे तिला काय झालं होतं?"

या प्रश्नाला मी उत्तर पाठवलेलं नाही.

मागच्या बुधवारी आम्ही रत्नप्रभाबाईंबरोबर पुन्हा दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?"

"सगळा खातंय," आई म्हणाली.

"सगळं म्हणजे काय? सकाळपासून सांगा."

मग एकेक बाहेर आलं. सकाळी चहा-पाव. पहिल्या बंगल्यावर चहा, दुसऱ्या बंगल्यावर चहा, तिथला चहा गोडमिट्ट असतो. आदल्या दिवशीच्या पुऱ्या किंवा भजी उरली असली तर ती. दुपारी घरी आलं की बिस्किटांचा चुरा आणि चहा. रात्री आमचं झाल्यावर राहिलेला भात. डाळ उरली तर उरली. भाजी? आई हसली फक्त.

"पोट भरतं, पण कशानं भरतं ते बघितलंत का?" बाई मला विचारत होत्या, आईला नाही. मग म्हणाल्या, "घरात आणखी कोणी असं स्थूल आहे का?"

मी म्हणालो, "नाही. कोणी नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. रत्नप्रभाबाईंनी खाली बघितलं. वनू, पोटच्या पोरीला मी तिथल्या बाकावर बसून नाही म्हटलं. रात्रभर तेच घोळत होतं, म्हणून आज लिहायला बसलो.

तू आठ-नऊ वर्षांची होतीस तेव्हा आपण परळला होतो. गिरणीच्या मागच्या मैदानात पोरांबरोबर धावायचीस. शाळेच्या शर्यतीत पहिली आलीस, बक्षीस म्हणून पितळेचं फुलपात्र मिळालं. मी ते सगळ्या खात्यात दाखवत फिरलो होतो. मग गिरणी सुटली, आपण इथे आलो, मी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो आणि आईनं बंगल्यांची कामं धरली. प्रेमा अंगावरची होती. तिला कोण बघणार? सातवी झाल्यावर तुझी शाळा थांबवली. तू बाहेर दोरीवर उड्या मारायचीस, तर मी म्हणालो, मोठी झालीस आता, चाळीतली माणसं बघतात. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आम्ही कामावर जाताना खोलीला बाहेरून कुलूप लावायला लागलो.

आम्ही नाही. मी. आई नको म्हणत होती.

आत तू, प्रेमा आणि दहा बाय बाराची खोली. लहान पोर घरात आहे म्हणून स्टोव्ह पेटवायचा नाही, अशी ताकीद होती. मग तू दुपारी काय खाणार? मी शनिवारी वर्तमानपत्रात बांधून आणलेला चुरा. कामगारांना तो स्वस्तात मिळायचा. मला त्याचा अभिमान होता. चाळीत दुसऱ्या कुणाच्या घरी रोज बिस्किटं होती?

दोन वर्षं तू त्या खोलीत बसून होतीस. फुगत गेलीस. मी बघत होतो, आणि मला वाटत होतं की दोष तुझ्या जिभेचा आहे.

बाबा


घाटकोपर,
रविवार, २ सप्टेंबर १९५६

चि. वनू,

पत्र नाही आलं तरी मी लिहीत राहणार. थांबलो तर पुन्हा सुरू करायची छाती होणार नाही.

आईच्या अंगठ्याचं अजून तसंच आहे. इंजेक्शनं चालू आहेत. बंगल्याची कामं सुटली. अंगठा काढावा लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणतात, दिवाळीच्या आधी.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, "रागाच्या भरात एखादी गोष्ट होते." तुला ते वाचून काय वाटलं असेल? त्या गोष्टीला मी नावसुद्धा दिलं नाही. आज देतो.

त्या साली गणपती नुकतेच बोळवले होते. आदल्या रविवारी आपण सगळे देवळात गेलो होतो, तिथे आमच्या मुकादमानं तुला बघितलं. मंगळवारी सुटी झाल्यावर फाटकापाशी मला बाजूला घेतलं.

"जयवंत, ती पोरगी तुझीच ना? पगार तुझा माझ्या निम्मा. मग हे बाळसं कुठल्या पिठाचं?"

सगळ्यांसमोर त्यानं मला सदरा काढायला लावला. धोतराचा काचा सोडायला लावला. डबा उपडा केला. काही सापडलं नाही, सापडणार कुठून? पण चाळीस माणसं रांगेत उभी राहून हसत होती. कुणीतरी म्हणालं, "आज नाही आणलं, रोज आणत असेल."

मी तसाच घरी आलो. चहा करायला सांगितला. आई म्हणाली, साखर थोडीच आहे. शनिवारी भरलेला डबा मंगळवारी तळाला गेलेला. मी डबा खाली आपटला.

"कुणी खाल्ली?"

आई स्टोव्हपाशी पाठमोरी बसली होती. ती पंप मारत राहिली. तू प्रेमाची वेणी घालत होतीस. तुझा हात थांबला.

"मी," तू म्हणालीस. "मी खाल्ली, बाबा."

तूच कबूल केलंस. मग बापानं काय समजायचं? ही माझी बाजू. तीन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

तुझं मनगट धरून मी तुला वखारीवर नेलं. संध्याकाळची वेळ, कोळसा न्यायला निम्मी चाळ आलेली. मी मोठ्यानं म्हणालो, "नंदकिशोर शेट, हिला काट्यावर घ्या. माझ्या घरात साखर टिकत नाही, ती जाते कुठे ते लोकांना दिसू दे."

शेट म्हणाले, "अरे जयवंत, पोरीची जात आहे, जाऊ दे."

मी जाऊ दिलं नाही. त्या साखळ्यांच्या फळीवर, जिथे कोळशाची पोती ठेवतात, तिथे तुला बसवलं. परकर गुडघ्यांभोवती घट्ट धरून तू बसलीस. शेट हात लावेनात, तर दुसऱ्या पारड्यात वजनं मीच ठेवली. एक मण. अर्धा मण. वर दहा शेर. काटा जुळला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "पक्के पावणेदोन मण!" आणि सगळी वखार हसली. वनू, मीही हसलो. फाटकावर लोक मला हसले होते, आता दुसऱ्या कुणाला हसत होते. घटकाभर मला हलकं वाटलं.

तू घरी आलीस. परकराला कोळसा लागला होता, तो धुतलास, वाळत घातलास. रडली नाहीस. त्यानंतर मावशी न्यायला येईपर्यंत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि चाळीतली पोरं तुला त्या नावानं हाक मारत राहिली. मी एकालाही दटावलं नाही.

हे सगळं तुला माहीतच आहे. तरी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलेलं असावं.

बाबा


घाटकोपर,
रविवार, ३० सप्टेंबर १९५६

वनू,

मागच्या पत्रात "ही माझी बाजू" म्हणून जे लिहिलं, ते खोटं आहे. पत्र पेटीत टाकलं तेव्हाच मला ते ठाऊक होतं. महिनाभर लिहायचं टाळलं.

मला माहीत होतं की साखर तू खाल्ली नव्हतीस.

त्या मंगळवारच्या आठ दिवस आधी मला पहाटे जाग आली. तुम्ही दोघी झोपला होतात. आई डब्यापाशी उकिडवी बसली होती. पावाचा तुकडा फोडून त्यात साखर ओतत होती आणि खात होती. भराभर, माझ्याकडे पाठ करून. परक्याच्या घरात लपून खावं तशी. टोपलीत रात्रीच्या दोन भाकऱ्या होत्या. एक माझ्या डब्याची, एक तुम्हा पोरींची. तिची त्यात नव्हती.

मी डोळे मिटून घेतले.

विचारलं असतं तर ती म्हणाली असती, भाकरी पुरत नाही. मग मी काय बोलणार होतो? रेशनचं धान्य महिन्याच्या विसाव्या दिवशी संपतं हे मलाही दिसत होतं. गिरणीत होतो तेव्हा आठवड्याला मासळी यायची, ती बंद झाली हेही दिसत होतं. ताटात मला पहिल्यांदा वाढलं जातं आणि तिचं ताट मी कधी बघितलेलंच नाही, हेसुद्धा कळत होतं. विचारलं नाही म्हणजे ते सगळं नाही, असं मी धरून चाललो. ती लठ्ठ दिसायची ना? लठ्ठ बाई उपाशी असेल असं कुणाच्या मनात येतं?

मग आठ दिवसांनी तू "मी" म्हणालीस. मला ते सोयीचं पडलं. बायकोला विचारण्यापेक्षा पोरीला काट्यावर बसवणं सोपं गेलं.

परवा मी आईला हे सांगितलं, की मी त्या पहाटे जागा होतो. ती पाय उशीवर ठेवून पडली होती. मग म्हणाली, "वनूक म्हायत होता. तिना पण माका बघितलेला. मीच सांगितलंय, बापाशीक सांगू नको म्हणान."

म्हणजे त्या संध्याकाळी खोलीत आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी ओरडत होतो, आई स्टोव्हकडे बघत होती, आणि चौदा वर्षांची तू आम्हा दोघांना सांभाळून घेत होतीस.

आई पुढे म्हणाली, "मी त्या दिवशी तोंड उघडूक व्हया होता." ती रडली. तिला दोष देऊ नकोस. मी तो द्यायला तयार होतो, या पत्राच्या पहिल्या कागदावर दिलाही होता. तो फाडला.

काल संध्याकाळी मी वखारीवर गेलो. गर्दी असेल अशीच वेळ धरली. नंदकिशोर शेटना म्हणालो, "शेट, तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मुलीला मी इथे वजनाला बसवलं होतं. ती चोर नव्हती. मी खोटं बोललो होतो. हे सगळ्यांनी ऐकावं म्हणून सांगायला आलोय."

शेटनी चष्मा वर केला. "कधीची गोष्ट रे? मला तर काही याद नाही."

हमालाला विचारलं, तो दोन वर्षांपूर्वी लागलेला. कोळसा घ्यायला आलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "पोरगी बरी आहे ना तुमची? मग झालं." दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं, दोघी आपापली पोती उचलून निघाल्या. शेट म्हणाले, "कोळसा देऊ?" मी पाच शेर कोळसा घेऊन घरी आलो.

त्यांच्या लक्षातही नाही, वनू. ते विसरले म्हणजे तुझं ओझं कमी झालं, असं नाही. मी उगाच तसं मनात धरून गेलो होतो.

बाबा


घाटकोपर,
रविवार, १४ ऑक्टोबर १९५६

चि. वनू,

गुरुवारी तुझं पाकीट आलं. वर आईचं नाव होतं आणि खाली, द्वारा रत्नप्रभाबाई. मी कामावरून आलो तेव्हा बाई ते हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं.

"जयवंतराव, आत चिठ्ठी आहे की हे मीच वाचून दाखवावं. तुम्ही जरा..."

"हो हो," मी म्हणालो, आणि बादली घेऊन नळावर गेलो. नळाला पाणी नव्हतं. तिथेच उभा राहिलो.

तुझं मोठं पत्र असावं, कारण बराच वेळ लागला. मध्ये एकदा आईचा आवाज आला, "ता परत वाचा." बाईंनी परत वाचलं. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायला पुढेही गेलो नाही. मग आई हसली. तिला असं हसताना मी कधी शेवटचं ऐकलं होतं ते आठवून बघितलं. आठवलं नाही.

रात्री जेवताना तिनं एवढंच सांगितलं, "वनू येता हा. पुढच्या बोटीन." मी हूं म्हटलं. आणखी काही विचारलं नाही. पत्र तिनं उशीखाली ठेवलंय. बिछाना घालताना माझा हात लागला, तर मी उशी तशीच ठेवली.

अंगठा काढायचा दिवस ठरला आहे, चोवीस तारीख, बुधवार. डॉक्टरीणबाई म्हणतात पाय वाचेल.

घरातलं तू बघशीलच, पण आधी सांगतो, म्हणजे माझ्याकडून जास्तीची अपेक्षा राहणार नाही. आई आता माझ्याआधी जेवते. सुरुवातीला तिला घास गिळवेना, मी समोर बसतो म्हणून. आता मी पाठ करून बसतो. मुगाची उसळ मला येते, पालेभाजी कधी करपते. दाराला कुलूप नाही, प्रेमा शाळेतून आल्यावर बाहेर असते आणि गुडघे फोडून घेते. चुरा अजून येतो. बंद केला असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण महिना अखेरीला दुसरं काही नसतं. आईला देत नाही. प्रेमाला द्यावा लागतो.

धक्क्यावर रत्नप्रभाबाई आणि प्रेमा येतील. प्रेमा तुला ओळखणार नाही, तूच हाक मार.

तू असशील तेवढे दिवस मी पाळी बदलून मागितली आहे. सकाळी सातला निघेन, पाळी सुटली तरी रात्री नऊलाच येईन. मध्ये खोलीत तुम्ही तिघीच. दवाखान्यात आईपाशी तू बसशील तेव्हा मी बाहेरच्या व्हरांड्यात असेन, कागदावर सही करायला कुणीतरी लागतं म्हणून. तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही.

मी घरी थांबलेलं चालेल असं वाटलं तर मला सांगू नकोस, आईला सांग. ती मला सांगेल. नाही सांगितलंस तर मी समजून घेईन, आणि आईला "वनू काही म्हणाली का" असं विचारणार नाही.

बाबा